मैनाकाकूचं मंगळावर जाणं

आमच्या तेल्हाऱ्यात कोणी मेलं का तेरवी नाहीतर चाळिसवा आटोपून घरचे लोक भगवंतकाकाकडे जात. म्हणत, आमच्या माणसाले मंगळावर धाडा.

काका मंगळावरच्या मारामारीच्या पातळ कादंबऱ्या लिहत, अकोल्याले छापत, एसटी स्टँडवर इकत. अन् बाकीच्या वेळात टेपरेकार्डर घेऊन गावचा इतिहास जमवत. पूर कुठवर आला, कापसाची जिनिंग कवा सुरू झाली. म्हाताऱ्यायचे आवाज कॅशेटीत असत, म्हणून मेलेला माणूस पुढच्या कादंबरीत जसाच्या तसा बोले. माह्या अब्बाले त्यायनं यानाचा डायवर केलं. अब्बाले सायकल येत नोती. मी लय हसलो, मंग दुकानाचं शटर पाडून रडलो.

यंदा काकाची बायको गेली, मैनाकाकू. मी आपला छेडाले गेलो. म्हटलं, काकू तिथं मंगळवाल्यायले वांग्याच्या भाजीवरून झापून राहिली असंन, लिहा लवकर.

काका हसले नाही. "ते कशी बोले, मले आठवून नाही राहिलं, हुसेन. कोणाले सांगू नको."

माहं रेडिओ रिपेरिंगचं दुकान. म्हटलं, साऱ्या कॅशेटी द्या, कुठंतरी काकू सापडंनच.

दुकानात बसून ऐकल्या. देवराव पाटील पूर सांगून राहिले, गंगूबाई जिनिंग सांगून राहिली, अब्बा खोकून राहिले. मागं कपबशी वाजे, बांगड्या वाजत. काकू बोलाले तोंड उघडे, "अवो, च्या..." अन् काका तिथंच तोडत, "मैना, गप बस. रेकार्डिंग चालू हाय."

एका कॅशेटीत नाही, दर कॅशेटीत.

मी साऱ्या गावाले थापा मारून हसवणारा माणूस. काकाले जाऊन सांगतलं, कॅशेटीले बुरशी लागली, काहीच निंगालं नाही.

काकानं माह्याकडे पाहिलं. "जिंदगीभर थापा मारल्या, पण आज तुले जमली नाही."

मंग त्यायनं कोरी कॅशेट काढली. टेपरेकार्डर सैपाकघरात नेला, ओट्यावर, काकूच्या चहाच्या गंज-पातेल्याजोळ ठेवला. बटन दाबलं अन् खाली पाटावर बसले.

"बोल, मैना. आता कोणी नाही आडवत."

कॅशेट फिरून राहिली. माहा हुंदका त्याच्यात जाऊ नये म्हणून मी तोंडात रुमाल कोंबला.

बटन टक करून वर आलं. काका उठले, कॅशेट उलटी केली अन् दुसरी बाजू लावली.