बत्ती बंद करा, चांदण्या काढायच्या आहेत

थू! कॅमेरेवाल्यांचं नाव काढलं का माझं डोस्कं फिरते.

नागपूरकडच्या प्रतापगडाच्या पायथ्याशी आमची एक बांधी, बांध घातलेला वावराचा तुकडा, हिरानखी धानाची. माझ्या मायच्या घरचं बियाणं. गावात दुसऱ्या कोणाकडं उरलंच नाही. कापणी तोंडावर आली होती. धानात रानडुकरं घुसतात म्हणून आमचा बुढा, माझा नवरा केवळराम, रातभर मचाणावर बसून बत्ती फिरवते. उजेड दिसला का डुक्कर बांधीत पाय टाकत नाही.

अमावस्येले नागपूरहून वीरेंद्र आला, संगं नीतू नावाची पोरगी. म्हणे, इथला अंधार लय शुद्ध, चांदण्यांचे फोटो काढतो. आता अंधारही शुद्ध-अशुद्ध राहते का? मी भात वाढला. दोघंही बोटं चाटत जेवले. मंग वीरेंद्र म्हणाला, "काका, बत्ती बंद करा ना. फोटो खराब होतात."

"कायले?" मी म्हटलं. "डुकरं का तुमचा मामा हाकलन?"

पण पाहुणा म्हटलं का आमचा बुढा संपला. "पाहुण्याचं मन मोडू नाही," म्हणाला, अन् बत्ती बंद करून बसला. मी पाय आपटत घरी गेली. अंधारात बसल्या बसल्या बुढ्याचा डोळा लागला.

सकाळी पाहाले गेली तं बांधी गेलेली. लोंब्या चिखलात, माती उकरलेली. अन् हा वीरेंद्र धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, लॅपटॉप उघडून खुश!

"काका, पाहा, काय आकाश आलंय!"

बुढा वाकला. वर चांदण्याच चांदण्या. खाली आमची बांधी, अन् तिच्यात डुकरांच्या काळ्या पाठी.

"दादा, हे तुमाले रातीच दिसलं होतं?"

"हो ना काका. पण एक्स्पोजर सुरू होतं, कॅमेरा फोटो घेत होता. उजेड पडला असता तर सगळं वाया गेलं असतं."

किळस आली मले. माझा भात पोटात घालून, डोळ्यादेखत माझ्याच धानात डुकरं चरू देल्ली! नीतू खाली पाहून राहिली होती. तिनंही हाक मारली नव्हती.

बुढ्यानं हात जोडले. "आता निंगा," म्हणाला. जन्मात त्यानं कोणाले दारातून उठवलं नव्हतं.

दिवसभर आम्ही चिखलातून लोंब्या वेचल्या. सुपाचं बूडही झाकलं नाही. अन् बुढा काय म्हणते?

"पाहुण्याले जा म्हटलं, पाप लागन."

माझ्या मायचं बियाणं डुकरांच्या पोटात गेलं, अन् याले अजून पाहुण्याचीच पडली!