मामांचा जीव कुणात अडकला

मामांचा जीव काही केल्या जाईना. मामा म्हणजे माझे सासरे, कडूबा. घाटीच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आता घरी न्या म्हणून सांगितलं. आम्ही त्यांना बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांत आणलं, भुईवर घेतलं, तोंडात गंगाजल घातलं. घरघर लागली की सगळे गोळा व्हायचे आणि मामा पुन्हा डोळे उघडायचे. पाठीला जखमा पडल्या होत्या. कूस बदलताना ते गुरासारखे ओरडायचे, आणि ती कूस मीच बदलायची. देवा, दया कर आणि ने यांना, असं मी रोज म्हणायचे. देवाला कमी ऐकू येत असावं.

मग गावाकडचे बद्रीनाथ महाराज आले. त्यांनी नाडी बघितली आणि सांगितलं, जीव थोरल्या सुनेत अडकलाय. तिनं हातानं पाणी पाजून माफ केलं म्हटलं की सुटका. दुसऱ्याच्या जिवावर उदार व्हायला महाराजांचं काय जातं? पण माझे मालक फकिरा मान खाली घालून बसले, म्हणजे तिला आणायला मीच जायचं होतं.

थोरली म्हणजे द्वारकाबाई, माझी जाऊ. मी तिला अक्का म्हणते. तिचा नवरा साप चावून गेला आणि पाठोपाठ लेक चंद्री तापानं फणफणली. मामांची जीप तेव्हा फर्दापूरहून लेण्यांना प्रवासी न्यायची. पोरीला घाटीत पोचवा म्हणून अक्कानं त्यांचे पाय धरले. सीझनच्या दिवसांत पोरीच्या तापापायी गाडी अडकवता येत नाही, असं मामा म्हणाले. मग अक्का एसटीनं निघाली. सिल्लोडच्या अलीकडंच चंद्री मांडीवर गार पडली. अक्का परत त्या घरात गेली नाही. उस्मानपुऱ्यात एका मेसच्या पोळ्या करून ती पोट भरते.

मी गेले तेव्हा ती तव्यापाशीच होती. सगळं ऐकून घेतलं, हात काही थांबवला नाही. मग विचारलं, "त्यांनी मागितली का माफी?"

मी म्हटलं, त्यांना बोलताना धाप लागते. आणि महाराज म्हणतात, देव काही मागायची वाट बघत नाही. हे बोलताना माझी मलाच लाज वाटली.

"देव दील बिनमागता. मी मानूस हाये," ती म्हणाली. "त्यांनी एकदा तोंडानं चंद्रीचं नाव घ्यावं. येवढंच. मग मी काय बी देते."

इतकी वर्षं ती याच एका गोष्टीवर जगत होती, हे मला तेव्हा कळलं. तिनं गॅस बंद केला आणि पीठ झाकून ठेवलं. रिक्षात ती पदर पुन्हा पुन्हा सारखा करत राहिली.

घरात सगळे जमलेलेच होते. महाराजांनी तिच्या हातात पाण्याची पळी दिली. तिनं ती बाजूला ठेवली आणि मामांच्या उशाशी बसली. "मामा, मी द्वारका. चंद्रीची आई."

मामांनी बराच वेळ तिच्याकडं बघितलं. नजर अगदी स्वच्छ होती.

"कोन चंद्री?"

अक्काला वाटलं असेल, आठवण दिली की आठवेल. तिनं सगळं सांगितलं. ताप, जीप, धरलेले पाय, एसटी. लहान पोराला सांगावं तसं सावकाश, एकही शिवी न देता. मामा कान देऊन ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांचे डोळे भरून आले.

"लई वाईट झालं, बाई," ते म्हणाले. "लेकराला गाडी दिली नाय? असा कसा मानूस म्हनावा त्यो? देव त्याला माफ करायचा नाय."

अक्कानं पळी उचलली आणि मामांच्या ओठांना लावली. ते पाणी प्याले, देव तुझं भलं करो म्हणाले आणि झोपले. श्वास चालूच होता. माफीचा शब्द तिनं काढला नाही आणि काढ म्हणायची कुणाची छातीही झाली नाही.

मी तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले. माझ्या तोंडून निघून गेलं, "अक्का, केलं का माफ?"

"कोनाला करू? ज्यानं केलं त्यो तर कवाच गेला. ह्यो म्हातारा बिचारा माझ्यासाठी रडला."

मग ती रस्त्यातच रडायला लागली. मी तिला रडताना पहिल्यांदाच बघत होते.

"त्या दिवशी दारात आमी दोघंच व्हतो," ती म्हणाली. "मी पाय धरले, ह्ये त्याला ठाव आन् मला. वाटायचं, असंना का, त्याच्या मनाला तरी टोचत आसंल. आता येकली मीच ऱ्हायले."

मला म्हणायचं होतं, अक्का, मी आहे ना. पण मी त्या घरात सून म्हणून आले ती हे सगळं होऊन गेल्यावर, तेव्हा चंद्रीचं नावसुद्धा कुणी घेत नव्हतं.