धाकटीला बंदी

त्या घरात गर्भ गेला की एक बंदी लागायची. पहिला गेला त्या आठवड्यात थोरली स्कूटर चालवत होती, म्हणून स्कूटर बंद. दुसऱ्या वेळी पार्लरमध्ये गिऱ्हाइकांच्या केसांना डाय लावत होती, म्हणून डाय बंद. आता नुसती कात्री चालवायची. तिसरा गेला त्याच्या आदल्या दिवशी धाकटी बहीण आली होती. तिची टकळी एकदा सुरू झाली की थांबायचं नाव नाही. वरच्या मजल्यावरच्या काकांची नक्कल करून तिनं थोरलीला पोट दुखेपर्यंत हसवलं होतं. म्हणून धाकटी बंद!

हो, चक्क माणूस बंद. सासूबाईंनी दारातच सांगून टाकलं, “काही दिवस येऊ नकोस, बाई. तुझ्या हसवण्यानं हिच्या पोटाला हिसका बसला.” आणि थोरली मागे गप्प उभी राहिली. तिलाही कारण हवंच होतं, कुठलंही चाललं असतं.

कारणांना काय तोटा! पार्लरच्या खुर्चीत बसणारी प्रत्येक बाई गळ्याभोवती कापड गुंडाळलं की तज्ज्ञ व्हायची. कुणी म्हणे उभं राहू नकोस, कुणी म्हणे फार बसू नकोस. “मग काय लटकू?” असं थोरलीच्या अगदी ओठांवर यायचं. पण हातात कात्री आणि समोर गिऱ्हाइकाची मान. गिळायची बिचारी.

शेवटी नवीन डॉक्टरबाईंनी नवरा-बायको दोघांचं रक्त तपासलं, थायरॉईड पाहिलं, सोनोग्राफी केली. थोरलीची एक तपासणी तर तीन महिने थांबून पुन्हा केली. आज त्यांनी दोघांना समोर बसवलं.

“तुमच्या रक्तात काही अँटीबॉडी आहेत,” त्या थोरलीला म्हणाल्या. “त्यांच्यामुळे वारेत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. दुसऱ्यांदाही तेच आलं, म्हणून आता सांगते. पुढच्या वेळी दिवस राहिले की लगेच या. रोज एक गोळी, रोज पोटात इंजेक्शन. हमखास म्हणत नाही, पण शक्यता बरीच वाढते.”

“म्हणजे डाय नाही?” नवऱ्यानं विचारलं.

“डाय नाही, स्कूटर नाही.”

“आणि हसणं?” थोरली म्हणाली. “अगदी पोट दुखेपर्यंत?”

डॉक्टरबाई बघतच राहिल्या. “अहो, हसण्यानं कुठं गर्भ पडतो का!”

नवऱ्यानं सुटकेचा श्वास टाकला. थोरलीच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. औषध सापडलं, आनंद व्हायला हवा होता, तोही झाला नाही धड. “तुम्ही घरी जा, आईंना सांगा. सगळं सांगा, हसण्याचंसुद्धा,” असं नवऱ्याला बजावून ती तडक बहिणीकडे गेली.

धाकटीनं दार उघडलं. “ये,” म्हणाली आणि गप्प. ही! जिच्यापुढं दुसऱ्याला तोंड उघडायची चोरी!

थोरलीनं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, आणि मग तिच्यावरच डाफरली. “तू तरी का ऐकून घेतलंस त्या दिवशी? भांडायचंस की कडाकडा! एरवी सोडतेस का कुणाला?”

“भांडले असते गं, ताई. त्यांच्याशी मी केव्हाही भांडले असते,” धाकटी म्हणाली. “पण मागे तू होतीस. मी तुझ्याकडे बघितलं, तर तू मान खाली घातलीस. मग मला वाटलं, खरंच माझ्यामुळे गेलं.”

थोरलीला इतके महिने स्वतःच्याच पोटाचं पडलं होतं. ही पोर इथं एकटी हे ओझं घेऊन बसली असेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. लाज वाटली तिला, भयंकर लाज वाटली.

“डॉक्टरांनी नक्की सांगितलं?” धाकटीनं विचारलं.

“नक्की. तुझ्यामुळे नाही गेलं.”

“परत सांग.”

“तुझ्यामुळे नाही गेलं गं.”

धाकटीनं तिचा हात घट्ट धरला. “अजून एकदा, ताई,” ती म्हणाली.