काळूरामच्या हातातले वल्हे

मित्रांनो, मी एक जुने वल्हे आहे. भिवंडीच्या एका पोलीस ठाण्यातल्या मुद्देमालाच्या खोलीत, गंजलेल्या कोयत्यांच्या शेजारी मला उभे केले आहे. माझ्या पात्याला उभी चीर आहे. त्या चिरेत माणसाचे रक्त वाळले आहे. ते कुणाचे, ते आज तुम्हाला सांगतो.

अंबाडी गावाच्या पुढच्या रानात मी साग होतो. दाजी सुताराने मला वाकसाने तासले, माशाचे तेल पाजले आणि काळूरामच्या हाती दिले. भिवंडीच्या खाडीत जूपाडा नावाचे एक चिमुकले बेट आहे. तीसेक घरे, ताडाची झाडे आणि चहूकडे पाणी. काळूरामची होडी हाच त्या गावाचा रस्ता होता. नवरीची ट्रंक, दळणाचे डबे, अडलेली बाळंतीण, सगळे माझ्या जोरावर पलीकडे गेले. एका वर्षी पुराचे पाणी कौलांना लागले, तेव्हा आम्ही दिवसभरात सारे गाव काठावर नेले. काळूरामची थोरली बहीण आक्का दर नारळी पुनवेला माझ्या पात्याला कुंकू लावायची.

पुढे इंजिनाच्या होड्या आल्या आणि मी पडवीत गेलो. माझ्यावर जाळी वाळू लागली. चार वर्षे मला पाणी दिसले नाही.

मग दोन मजली पांढरी क्रूझ येऊ लागली. दर रविवारी ती धक्क्याला तासभर थांबे. पाहुणे उतरत, ताडांखाली फोटो काढत, परत जात. आक्का धक्क्यावर ताडगोळे आणि सुकट घेऊन बसायची. क्रूझवरचा आचारी मितेश हा इकडच्याच काठचा. दर वेळी तो हाक मारायचा, "आक्का, माझा वाटा ठेवलास ना?"

"ठेवलाय रे. तुला इसरन का मी?"

पण पाहुण्यांना सुकटीचा वास सोसेना. एका रविवारी क्रूझ कंपनीचा निळा शर्ट घातलेला नवा रखवालदार खाली उतरला. "ए बुढिया, चल हट! रास्ता खाली कर!" म्हणत त्याने टोपलीला लाथ मारली. ताडगोळे खाडीत गेले. आक्काने त्याची कॉलर धरली. त्याने तिला ढकलले. तिचे डोके धक्क्याच्या लोखंडी खुंट्यावर आपटले आणि पांढरे केस लाल झाले.

कुणीतरी ओरडले. गावातून दगड सुटले, क्रूझच्या काचा फुटल्या, पाहुणे किंचाळत वर पळाले. रखवालदारही पळाला. काळूराम पडवीत धावत आला आणि त्याने मला उचलले. मित्रांनो, खोटे कशाला सांगू? चार वर्षांनी त्याची मूठ माझ्यावर आवळली आणि मला आनंद झाला. मला वाटले, आता पाणी!

धक्क्यावर आक्का पडलेली होती. कंपनीचा निळा शर्ट घातलेला एक माणूस तिच्यावर वाकला होता. काळूरामला फक्त निळी पाठ दिसली.

पहिला घाव खांद्यावर बसला. हाड मोडल्याचे मला दांड्यापर्यंत कळले. दुसरा घाव कानावर बसला. तिसऱ्याला मी चिरलो.

"अरं थांब! काळू, थांब!" आक्का ओरडली. "मला उचलाया आलता तो! मितेश हाय आपला!"

काळूरामने त्याला उताणे केले. मितेशच्या कानातून रक्त वाहत होते. तोवर क्रूझने दोर सोडले होते. आपला माणूस धक्क्यावर टाकून ती निघून गेली.

गावातल्या इंजिनाच्या होड्या मासेमारीला गेल्या होत्या. काळूरामने मितेशला जुन्या होडीत घातले. आक्काने एका हाताने स्वतःची जखम दाबली, दुसऱ्या हाताने त्याचे डोके मांडीवर धरले. "डोळं मिटू नको रं बाबा," ती सारखी म्हणत होती. काळूराम रडत वल्हवत होता. ज्या पात्याने मारले तेच पाते पाणी कापत होते. प्रत्येक हेलकाव्याला माझी चीर उघडत होती, पण मी मोडलो नाही.

मितेश वाचला. उजव्या कानाने त्याला आता ऐकू येत नाही. काळूराम मला घेऊन स्वतः ठाण्यात गेला. "सायेब, मीच मारला. ह्यानंच."

कोर्टात मितेशला विचारले, कोणी मारले? त्याने काळूरामकडे बोट दाखवले. "ह्यांनी. आणि दवाखान्यात पण ह्यांनीच आणला. दोन्ही लिहा, साहेब." काळूरामला तीन वर्षांची शिक्षा झाली. तो रखवालदार कुठे गेला कुणालाच ठाऊक नाही. क्रूझ आता जूपाड्याला थांबत नाही. अपिलाचा निकाल लागेपर्यंत मी इथेच आहे.

मित्रांनो, आम्हा लाकडांना नाही म्हणता येत नाही. उचलणारा नेईल तिकडे आम्ही जातो. म्हणून एवढीच विनंती आहे. रागाच्या भरात हातात काही घेतलेत, तर समोरच्या माणसाला आधी वळू द्या आणि त्याचे तोंड बघा.