सोमवारची गाठ

मी तंगूस. गळाला बांधतात तो पारदर्शक नायलॉनचा धागा. पाण्यात माशाला मी दिसत नाही, हे खरंच. पण काठावरच्या माणसांनाही मी फारसा कधी दिसलो नाही. सगळे बघतात गळाकडे, नाहीतर माशाकडे. आता रिळावर जेमतेम चार हात उरलो आहे, तेव्हा म्हटलं, आपणच बोलावं.

लक्ष्मीपुरीतल्या एका दुकानात, खिळ्यांच्या डब्याशेजारी मी टांगलेला होतो. तिथून कृष्णातनं मला उचललं. हा शिरोलीच्या एका फौंड्रीत साचे भरणारा गडी, राहायला गडमुडशिंगीला. घेण्याआधी त्यानं मला दोन मुठींत धरून असा हिसका दिला, की मी अंगभर झणझणलो. "टिकतंय," एवढंच तो म्हणाला. त्याच्याकडून मिळालेली तेवढीच शाबासकी.

काय दिवस होते ते! कारखान्याची सुट्टी सोमवारी. सकाळीच गोठ्यातल्या कोनाड्यातून मला काढायचा आणि जोतीराम या दोस्ताच्या मोटारसायकलवर बसून पंचगंगेच्या काठाला जायचा. तापलेल्या लोखंडाचे डाग पडलेले ते हात, पण गाठ मारताना केवढे हलके व्हायचे! गळाच्या नेढ्यातून मला ओवायचं, माझ्याच अंगाभोवती पाच वेढे द्यायचे, टोक मागं फिरवून पहिल्या फटीतून काढायचं. मग गाठ तोंडात धरून थुंकीनं ओली करायची आणि सावकाश ओढायची. हे सगळं गप्पा मारता मारता.

घरात मात्र मला मज्जाव. सोमवारी त्याच्या बायकोचा, आक्काताईचा, उपास. सोमवार, चतुर्थी, एकादशी, अनंताचं व्रत. तिच्या कॅलेंडरात मोकळे चौकोन कमीच. मासे परसातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात, आणि शिजवायचे ते कृष्णातनंच. मला हलवायची वेळ आली तर ती काठीच्या टोकानं हलवायची. मला राग नाही आला. भाद्रपदात ती उजेडाला ओसरीवर बसून अनंताच्या दोऱ्याला चौदा गाठी मारायची, ओठ पुटपुटत असायचे. मी मनात म्हणायचो, बाई, गाठींच्या धंद्यात आपण दोघंही आहोत.

मग गेल्या वर्षी कृष्णातला लकवा मारला. जीव वाचला, डावा हात मात्र मांडीवर पडून राहिला. डॉक्टर म्हणाले, फिरतं ठेवा, बोलतं ठेवा. तो भिंतीकडे तोंड करून बसायचा. जेवता का? हूं. चहा ठेवू? हूं. आक्काताईनं सोमवारची साबुदाण्याची खिचडीही सोडली आणि नुसत्या पाण्यावर राहू लागली. एवढा माणूस पुन्हा माणसांत येऊ दे, एवढंच तिचं मागणं.

एका सकाळी जोतीराम आला.

"ऊठ की गड्या, नदीला जाऊया."

"गळ बांधाय येत न्हाय, ते गडी नदीवर जाऊन काय धुणं धुणार?" कृष्णात भिंतीशीच बोलला.

"मी बांधतो की."

"दुसऱ्याच्या गाठीवर मासा धरू? त्यापरास बाजारातली सुकट खातो."

आतून आक्काताई हात पुसत आली. "आणि मी बांधली तर? का मीबी दुसरीच हाय?"

जोतीराम खो खो हसला. कृष्णात हसला नाही. पण भिंतीकडून वळून तिच्याकडे बघत राहिला.

शिकवणी सुरू झाली. मी तिला दिसेना, म्हणून सुरुवात परकराच्या जाड नाडीवर, आणि गळाच्या जागी कपाटाची किल्ली.

"वेढा उलटा गेला!"

"मग सुलटा करते. वरडू नगा."

"वरडतोय कुठं? माझा आवाजच असला हाय."

पाच वेढे तिला जमेनात. बोलण्याच्या नादात कधी चार व्हायचे, कधी सात. शेवटी तिनं आपली वाट काढली. एक अंबाबाईचा, एक जोतिबाचा, एक टेंबलाईचा, एक महादेवाचा, आणि पाचवा, "ज्याचं नाव घ्याचं राहिलं आसंल त्येचा." दोन टोकं जोडायची गाठ आणि काठीच्या शेंड्याला अडकवायचा फास ती चार दिवसांत शिकली. मग मांडीवर काळं फडकं पसरून, चष्मा लावून तिनं मला हातात घेतलं. तिच्या बोटांना उदबत्तीचा वास होता.

"आता तोंडात धर, वली कर, मग वढ."

"तोंडात? ह्या हातानं मी देवाला फूल वाहते, आणि उष्टं करू?"

"कोरडी वढलीस तर तंगूस जळतोय."

"बरं, बरं."

सोमवारी निघताना तिनं घरीच गळ बांधला.

"वली केलीस न्हवं?"

"केली की."

ती खोटं बोलली. मला ठाऊक होतं. त्या जागी माझं अंग पोळलं होतं.

जोतीरामनं रिक्षा आणली. काठावर बसून तासभर झाला असेल, आणि काठी वाकली. मोठा कटला! कृष्णातनं उजव्या हातानं काठी पोटाशी दाबली. "आला! अगं, आला!" कित्येक महिन्यांत तो असा ओरडला नव्हता. आणि त्याच क्षणी मी तुटलो. गाठीतच.

त्यानं माझं टोक बघितलं. डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं.

"कोरडी वढलीस."

तिनं तुटलेलं टोक त्याच्या हातातून काढून घेतलं.

"चला घरला. झालं मासं धरून." त्यानं काठी खाली ठेवली आणि तोंड फिरवलं.

आक्काताई जागची हलली नाही. "चुकलं माझं. खोटं बोलले तुमच्याशी," ती म्हणाली. दुसरा गळ घेतला, वेढे घातले, पाचही नावं घेतली. गाठ ओठांपर्यंत नेली आणि तिथंच थांबली. सोमवार.

कृष्णातनं ते पाहिलं. लकव्यापासून त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची. लाजेनं तो चारचौघांत टॉवेल लावून बसायचा. त्यानं टॉवेल बाजूला टाकला, तिच्या हातांवर वाकला आणि गाठ स्वतःच्या तोंडात धरली.

"उपास तुझा हाय, माझा न्हाय," तो म्हणाला. "आता वढ. हळू."

एक टोक तिनं ओढलं, दुसरं त्यानं. मी अलगद सरकून बसलो. कुठं चटका नाही.

"बघ, ही मेली लाळबी कामाला आली," म्हणत तो वाकड्या तोंडानं हसला. टॉवेल गवतातच राहिला.

त्या दिवशी बोटभर चिलापी मिळाली. आक्काताईनं हात जोडून ती सोडायला लावली, आणि कृष्णातनं शिव्या देत सोडली.

असे कितीतरी सोमवार झाले. मी संपत आलो, त्याचं दुःख नाही. एक विनंती तेवढी आहे. माझे तुकडे नदीत टाकू नका. मी कुजत नाही. एखाद्या बगळ्याच्या पायात अडकलो, तर ती गाठ सोडवणारं तिथं कुणी नसेल.

उद्या सोमवार. देवपूजा आटोपून ती कोनाड्याशी येईल, ओसरीवर बसून वेढे घालील, आणि आतून पाय ओढत येणाऱ्या माणसाची हाक ऐकू येईल, "थांब गं, वढू नगोस. मी आलो."