पाठीतले तीन मोड

नालवाडीच्या आनंदाबाईंची पाठ पहिल्यांदा गेली ती अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात. विहिरीवर पाण्याने भरलेला पितळी गुंड उचलताना पाठीत कट्‌कन वाजलं आणि त्या तिथंच बसल्या. वय त्रेपन्न. शेजारच्या दोघींनी धरून घरी आणलं. तीन दिवसांनी पुतण्याची हळद होती.

"घरी काम निघालं का हिची कंबर धरते," रूपराव म्हणाले. रूपराव म्हणजे त्यांचा नवरा. तेल चोळलं, शेक दिला आणि हळदीच्या दिवशी आनंदाबाई पीठ मळायला बसल्या.

दोन वर्षांनी बैलबंडीचं चाक नाल्याच्या खड्ड्यात आदळलं, तेव्हा पुन्हा तसंच झालं. ब्याऐंशीच्या हिवाळ्यात तर नुसत्या खोकल्याने. त्या वेळी त्यांच्या तोंडातून किंकाळी निघाली. मुलगा कृष्णकांत कचेरीत कारकून होता. तो जेवणावरून उठला नाही. "माय, खोकल्यानं कोनाची पाठ मोडते काय?" एवढंच म्हणाला.

आनंदाबाई वाकत चालल्या. फळीवरचा मिठाचा डबा हाताला लागेना. लुगडं जमिनीवर लोळायला लागलं, म्हणून त्यांनी ते वर खोचायला सुरुवात केली. रूपरावांनी शोध लावला, की ही पाहुणे दिसले की जास्त वाकते. सून शरयू हसायची. एकदा वाड्यातल्या बायकांपुढे तिने सासूची चाल करून दाखवली, कमरेवर हात ठेवून, मान खाली घालून. आनंदाबाई न्हाणीच्या दारातून बघत होत्या. त्या आत वळल्या.

त्र्याऐंशीत त्या ओल्या अंगणात घसरल्या आणि मनगट वाकडं झालं. ते डोळ्यांना दिसत होतं, म्हणून नवऱ्याने आणि मुलाने त्यांना वर्ध्याच्या दवाखान्यात नेलं. हाताला प्लास्टर लावताना तिथल्या तरुण डॉक्टरीण बाईंची नजर पाठीवर गेली.

"पाठ कधीपासून अशी आहे?"

"वयच झालं ना तिचं," रूपराव म्हणाले.

"मी यांना विचारतेय."

आनंदाबाईंनी तिन्ही वेळा सांगितल्या. गुंड, बंडी, खोकला. डॉक्टरीण बाईंनी पाठीचाही फोटो काढायला लावला. दुपारी तो उजेडासमोर धरून त्या मुलाला दाखवू लागल्या. मणके विटांसारखे चौकोनी असायला हवेत, इथे तीन पुढच्या बाजूने दबून पाचरीसारखे झालेत. जुने मोड आहेत.

"मोडलं असतं तर हे चालली कशी असती?" रूपराव म्हणाले.

"तेच मलाही समजत नाही," डॉक्टरीण बाई म्हणाल्या. मग आनंदाबाईंकडे वळून त्यांनी पाळी कधी गेली ते विचारलं. चाळिसाव्या वर्षी, म्हटल्यावर त्यांनी मान हलवली. पाळी गेली की बाईची हाडं झपाट्याने झिजतात, लवकर गेली तर आणखी लवकर. बाहेरून काही दिसत नाही, आतून पोकळ होत जातात. दूध घेता का? घरात दोन म्हशी होत्या. दूध डेअरीत जायचं, उरलेलं पुरुषांना आणि नातवंडांना. आनंदाबाईंनी नाही म्हटलं.

"दबलेले मणके आता सरळ होणार नाहीत. पण उरलेली हाडं सांभाळता येतील. गोळ्या देते. दूध, दही, तीळ खा. रोज उन्हात चाला, पडून राहू नका. पडून राहिलं की हाडं अजून झिजतात. वाकून वजन उचलायचं नाही. आणि अंगण, न्हाणी कोरडी ठेवा. आता पडलात तर खुबा मोडेल."

घरी परतल्यावर सगळे एकदम मऊ झाले. कृष्णकांतने न्हाणीत धरायला लोखंडी दांडी बसवून घेतली. शरयू दुधाचा पेला घेऊन आली आणि पायाशी बसून रडली.

"आत्याबाई, मले माहीत नव्हतं."

"मी सांगतलं होतं तुले," आनंदाबाई म्हणाल्या. "पाच वर्सं सांगून राह्यली होती. माह्या तोंडावर इस्वास नाई बसला तुमचा, त्या फोटोवर बसला."

दूध त्यांनी प्यायलं. सुनेच्या डोक्यावर हात मात्र ठेवला नाही.

रोज सकाळी त्या काठी घेऊन नाल्यापर्यंत जायच्या. रूपरावांना ते आवडेना. "मोडकी बाई रस्त्यानं फिरते, लोक काय म्हनतील?" पण पाहुणे आले की तेच हाडांचं शास्त्र सांगायचे. बाईचं हाड कसं पोकळ होते, मणका कसा दबते. जणू पहिल्या दिवसापासून त्यांनाच ठाऊक होतं. आनंदाबाई भिंतीकडे बघत ऐकायच्या.

पंच्याऐंशीच्या दिवाळीत लेक रुख्मिणी देवळीहून माहेरी आली. चव्वेचाळिशीची, पाळी जाऊन वर्ष झालेलं. भाऊबीजेला पाटावरून उठताना तिने कमरेला हात लावला.

"बाबा, महिनाभरापासून दुखून राह्यलं."

रूपराव सुपारी कातरत होते. "मायचं पाहून तुलेही दुखाले लागलं काय? पोरी, सवय लावू नको अशी."

शरयूने मान खाली घातली. आनंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग लेकीला म्हणाल्या, "उद्या सकाळी तयार राह्यजो."

दुसऱ्या दिवशी दोघी टांग्याने वर्ध्याला गेल्या. कोणाला विचारलं नाही. त्या डॉक्टरीण बाईंची बदली झाली होती. नवे डॉक्टर होते. रांगेत बसून नंबर यायला दुपार झाली. फोटो बघून डॉक्टर म्हणाले, मोड कुठेच नाही, पण हाडं पातळ व्हायला लागली आहेत. वेळेवर आलात. जपलं तर पाठ सरळ राहील.

रुख्मिणी हसत बाहेर आली, तर तिच्याआधीच बाहेर पडलेली माय बाकावर पदर तोंडाशी धरून रडत होती. मनगट मोडलं तेव्हाही ती रडली नव्हती.

"माय, काहीच नाई मोडलं मले. रडते काऊन?"

काठीवर भार देऊन आनंदाबाई उठल्या आणि गोळ्यांच्या खिडकीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.