मनवाचं नाक आणि आबांची डबी

कुशाबांची शिंक काळाचौकीच्या त्या चाळीत प्रसिद्ध होती. गिरणीत कापसाजवळ विडी पेटवायची सोय नव्हती, म्हणून त्यांच्या खात्यातल्या निम्म्या माणसांनी तपकीर धरली, त्यात कुशाबाही आले. पुढं गिरणी गेली, तिच्या जागी काचेचे टॉवर आले, पण कुशाबांची पितळी डबी काही गेली नाही. झाकणावर दोनदा टिचकी मारायची, चिमूट ओढायची आणि अशी शिंक द्यायची की वरच्या मजल्यावरची माणसं घड्याळाकडं बघत. चारची शिंक म्हणजे चहाचं आधण ठेवायची वेळ.

मनवाचा जन्म झाला तेव्हा सुनेनं, आकांक्षानं, स्वच्छ सांगितलं की घरात तान्हं पोर आहे, आता तंबाखूची भुकटी नको. कुशाबांनी मान डोलावली. डबी बंडीच्या आतल्या खिशात गेली आणि शिंक पंच्यात. सोडली म्हणून सगळ्यांना सांगून झालं. म्हाताऱ्या माणसानं एवढं खोटं बोललं तर देव रागावत नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

आता मनवा दोन वर्षांची झाली होती आणि आकांक्षाला परळच्या एका ऑफिसात नोकरी लागली होती. मुलगा हितेंद्र कामाला पुण्यात, शनिवारी यायचा. लालबागच्या पाळणाघरात एक जागा होती, तिथं हो-नाही कळवायचं होतं. कुशाबा हट्टाला पेटले. बायको गेल्यापासून दुपारची खोली त्यांना खायला उठायची. त्यात ही पोर दिवसभर नसणार, हे त्यांना सोसणारं नव्हतं. शेवटी आकांक्षा म्हणाली, एक दिवस बघूया, बाबा, संध्याकाळी कळवते त्यांना.

आणि नेमकं त्याच दिवशी मनवाचं नाक चोंदलेलं होतं. आदल्या दिवशी डॉक्टरांना दाखवून झालं होतं. ताप नाही, छाती साफ, साधी सर्दी. खाण्याआधी आणि झोपण्याआधी नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घाला, एवढंच त्यांनी सांगितलं. आकांक्षानं निघताना बाहुलीला उताणं पाडून सगळं करून दाखवलं: मान जरा मागं, एकेका नाकपुडीत दोन थेंब, थोडं थांबायचं, मग बाहेर येईल ते पुसायचं. याखेरीज नाकात काही नाही, तेल नाही, बाम नाही. धाप लागली किंवा ताप आला तर लगेच फोन. बाहुलीनं तक्रार केली नाही, म्हणून कुशाबांना ते काम सोपं वाटलं.

मनवा काही बाहुली नव्हती. बाटली दिसताच तिनं दोन्ही हातांनी नाक झाकलं. कुशाबांनी घोडा केला, मांजर केलं, खिडकीतला कावळा दाखवला. एक थेंब तिच्या कानात गेला, एक त्यांच्या स्वतःच्या डोळ्यात. दूध दिलं तर दोन घोट ओढायची, श्वासासाठी तोंड सोडायची आणि भोकाड पसरायची. भूकही होती, झोपही होती, आणि दोन्हींच्या वाटेत ते नाक तुंबलेल्या मोरीसारखं गुरगुरत बसलं होतं. कुशाबांचा जीव कासावीस झाला. हिचे हाल बघवत नव्हते आणि संध्याकाळ जवळ येत होती.

रडणं ऐकून शेजारची मालन आली. चाळीत दार उघडंच असतं, त्यामुळं सल्ला द्यायला कडी वाजवावी लागत नाही. तिनं भाजलेल्या ओव्याची पुरचुंडी आणली होती आणि वाटीत कापूर घातलेलं तेल. "भावजी, दोन थेंब सोडा नाकात. आमची पोरां अशीच मोठी झाली." कुशाबांनी पुरचुंडी घेतली, खिडकीत लांब ठेवली आणि तेलाला नाही म्हटलं. सूनबाईचा हुकूम आहे, म्हणाले. सुनेला घाबरता काय, असं पुटपुटत मालन वाटी घेऊन निघून गेली. घाबरतच होते ते.

डोकं चालेना म्हणून कुशाबांनी भिंतीकडं तोंड केलं, हळूच डबी काढली, टिचकी मारली, चिमूट ओढली आणि पंच्यात शिंकले. मागं वळून बघतात तर मनवा. तिनं तळहातावर दोन टिचक्या मारल्या, हवेची चिमूट धरली आणि नाकाला लावून ओढली. नाक बंद. तिनं रडवेल्या तोंडानं वर बघितलं. "आबा, येत नाय."

कुशाबांना हसू फुटणार तेवढ्यात पोरीचा हात थेट बंडीच्या खिशात गेला. ही डबी हिच्या हाती लागली असती तर? त्यांनी डबी फडताळाच्या सगळ्यांत वरच्या फळीवर टाकली आणि साबण लावून हात धुतले. आणि धुता धुताच त्यांना युक्ती सुचली.

ते जमिनीवर उताणे झाले. ड्रॉपर न लावता पळीतून मिठाचं पाणी स्वतःच्या नाकात सोडलं, जोरात ओढलं आणि पंचा बाजूला टाकून दोन वर्षं दाबून ठेवलेली शिंक दिली. भांडी वाजली. मनवा डोळे विस्फारून बघत राहिली, मग त्यांच्याशेजारी येऊन आडवी झाली आणि हनुवटी वर केली. "मनू पन."

दोन थेंब इकडं, दोन थेंब तिकडं. जरा वेळानं पोर शिंकली, आणि जे बाहेर आलं त्याचं वर्णन नको. कुशाबांनी मऊ फडक्यानं पुसलं. मनवानं दूध एका दमात संपवलं आणि त्यांच्या मांडीवर तोंड मिटून झोपली. कुशाबा नुसते तिचा श्वास ऐकत बसले. फार दिवसांनी त्यांना आपण कामाचे आहोत असं वाटत होतं.

संध्याकाळी आकांक्षा आली. पोर खेळत होती, नाक मोकळं होतं. खूश होऊन तिनं पाळणाघराला कळवायला फोन हातात घेतला, तोच मनवा पुढं आली. तळहातावर दोन टिचक्या, चिमूट, लांब ओढ आणि शिंक.

आकांक्षाचा हात थांबला. "हे कुठं शिकली ही?"

टीव्हीवर बघितलं असेल, हे उत्तर कुशाबांच्या जिभेवर आलं होतं. पण वरच्या फळीकडं नजर गेली आणि खिशात गेलेला तो इवलासा हात आठवला. त्यांनी डबी काढून सुनेच्या हातावर ठेवली. "माझ्याकडनंच. सोडली नव्हती मी. आज ही डबी तिच्या हाती लागणार होती."

आकांक्षा फोन घेऊन गॅलरीत गेली. कुशाबा दाराकडं बघत राहिले. पाळणाघर ठरलंच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. मग तिचा आवाज आला. "नाही, मनवा घरीच राहील."

आत येऊन तिनं डबी स्वतःच्या पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली. "काही थाप मारली असतीत तर उलटं कळवलं असतं, बाबा. उद्यापासून डबी माझ्याबरोबर ऑफिसला येईल, पोर तुमच्याकडं राहील. अदलाबदल करावीशी वाटली तर सांगा."

कुशाबांनी जोरजोरात मान हलवली. दुसऱ्या दिवशी चार वाजता सवयीनं हात खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. मनवा ते बघत होती. तिनं आपल्या तळहातावर दोन टिचक्या मारल्या, हवेची चिमूट उचलली आणि आबांच्या नाकाशी धरली. कुशाबांनी ती मनापासून ओढली आणि अशी शिंक दिली की वरच्या मजल्यावर कुणीतरी चहाचं आधण ठेवलं.